जेवणासोबत वाइन आंबट, कडू किंवा जळजळीत लागते: गोड आणि ड्राय यांतला घोळ सोडवताना

दुकानातून आणलेली वाइन जेवणाआधी नुसती चाखली तेव्हा छान लागते, आणि पानात आमटी, भरली वांगी किंवा मटणाचा रस्सा आल्यावर तीच वाइन आंबट, कडू किंवा घसा जाळणारी लागते, ही तक्रार वाइन नव्याने घेऊ लागलेल्या मराठी घरांत पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्यावर बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: एक तर बाटली खराब होती, किंवा आपल्या जेवणाला वाइन चालतच नाही. पहिला निष्कर्ष क्वचितच खरा निघतो आणि दुसरा तर मुळीच खरा नाही. बहुतेक वेळा पानातल्या पदार्थात वाइनपेक्षा जास्त गोडवा असतो, किंवा मिरचीचा तिखटपणा इतका असतो की वाइनमधले अल्कोहोल आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक, उघडे पडतात, आणि बाटली निवडताना ‘ड्राय’ म्हणजे काय हे आपण नीट तपासलेले नसते. हे तिन्ही दोष घरच्या घरी ओळखता येतात आणि त्यांवर उपायही अवघड नाहीत. मात्र उपायाआधी निदान झाले पाहिजे, कारण आंबट लागणाऱ्या वाइनवरचा उपाय जळजळीत लागणाऱ्या वाइनला लागू पडत नाही.

ड्राय म्हणजे किती साखर

द्राक्षाच्या रसात भरपूर साखर असते. यीस्ट ती साखर खाऊन तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. एका लिटर रसातल्या साधारण 17 ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते, असा वाइन बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे लिटरमागे 220 ग्रॅम साखर असलेला रस पूर्ण आंबला तर 13 टक्क्यांच्या आसपासची वाइन मिळते. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली की वाइन ड्राय होते. आंबण्याची क्रिया मध्येच थंड करून थांबवली, किंवा साखर इतकी होती की यीस्टच थकले, तर साखर मागे राहते आणि वाइन गोडसर किंवा गोड होते. मागे राहिलेल्या या साखरेला अवशिष्ट साखर म्हणतात आणि ती लिटरमागे ग्रॅममध्ये मोजतात.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय ठरते, आणि आम्लता पुरेशी असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते. त्यापुढे 12 ग्रॅमपर्यंत, आणि आम्लता जास्त असल्यास 18 ग्रॅमपर्यंत, ती मीडियम ड्राय. 45 ग्रॅमपर्यंत मीडियम. आणि 45 ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर गोड. नेहमीच्या कोला पेयात लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर असते हे लक्षात घेतले, तर सरबते आणि शीतपेयांवर वाढलेल्या जिभेला मीडियम वाइनसुद्धा फारशी गोड का वाटत नाही, याचा उलगडा होतो.

नियमातली आम्लतेची सवलत हीच समजून घेण्याची खरी गोष्ट आहे. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून एक घोट घ्यावा, मग त्याच पाण्यात अर्धे लिंबू पिळून पुन्हा घोट घ्यावा: साखर कणभरही कमी झालेली नसते, पण गोडवा कितीतरी उतरलेला असतो. वाइनमध्येही हेच घडते. म्हणून 8 ग्रॅम साखर आणि तीव्र आम्लता असलेली वाइन जिभेला कोरडी लागते, तर 5 ग्रॅम साखर असलेली पण आम्लतेत मंद अशी वाइन गोडसर लागते. बाटलीवरचा आकडा आणि जिभेवरचा अनुभव जुळला नाही, तर दोष आपल्या जिभेचा नसतो.

गोडव्याच्या बाबतीत दिशाभूल करणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे वास. पेरू, अननस, पिकलेले केळे किंवा मध यांची आठवण देणारा वास आला की मेंदू गोडाची तयारी करतो, आणि वाइन पूर्ण ड्राय असली तरी पुष्कळ जण तिला ‘गोडसर’ म्हणून मोकळे होतात. याची तपासणी सोपी आहे: नाक घट्ट धरून एक घोट घ्यावा आणि फक्त जिभेच्या टोकाकडे लक्ष द्यावे. तिथे गोडवा जाणवला नाही, तर जो जाणवत होता तो फळांचा वास होता, साखर नव्हती. दुसरी गोष्ट टॅनिनची. रेड वाइन प्यायल्यावर हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळल्यासारखी, कोरडी पडल्यासारखी होते. द्राक्षाच्या साली आणि बियांतून आलेले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तुरटपणा येतो. या तुरटपणाला पुष्कळ जण ‘ड्राय’ म्हणतात. प्रत्यक्षात वाइन एकाच वेळी गोड आणि तुरट असू शकते, आणि पूर्ण ड्राय असूनही तुरटपणाचा लवलेश नसू शकतो. नाशिकची ड्राय सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन दुसऱ्या प्रकाराचे सहज मिळणारे उदाहरण आहे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत या गोंधळाला एक स्थानिक कारणही आहे. वाइनची पहिली ओळख गोव्याहून आणलेल्या, पोर्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड लाल वाइनने झालेली असते. मूळ पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली वाइन. तिथे आंबणाऱ्या रसात मध्येच तीव्र द्राक्ष-मद्य ओतून यीस्ट मारतात, त्यामुळे साखर राहते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्याकडची स्वस्त पोर्ट हलकी असते, पण गोड असतेच, आणि ती पिऊन वाढलेल्या माणसाच्या मनात ‘लाल म्हणजे गोड’ हे समीकरण पक्के बसते. तोच माणूस पुढे काबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ अशा ड्राय रेड वाइनची बाटली उघडतो तेव्हा त्याला धक्का बसतो, आणि ती वाइन उत्तम असूनही ‘कडू’ म्हणून बाजूला ठेवली जाते. रंगाचा आणि गोडव्याचा काहीही संबंध नाही, एवढे एक लक्षात ठेवले तरी निम्म्या तक्रारी कमी होतील असे मला वाटते.

निदान: चार पदार्थ आणि एक ग्लास

कोणतीही बाटली जेवणाला लावण्याआधी करता येण्यासारखी एक चाचणी आहे, आणि ती केल्यावर पुढचे सगळे आपोआप समजते. एका ताटलीत गुळाचा लहान खडा, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि मिरचीच्या ठेच्याचा अगदी छोटा ठिपका घ्यावा, आणि ग्लासात ड्राय वाइन ओतावी. आधी वाइनचा नुसता घोट घेऊन तिची मूळ चव लक्षात ठेवावी. मग गुळाचा खडा चघळून लगेच वाइन प्यावी: क्षणापूर्वी ताजीतवानी वाटणारी वाइन एकदम आंबट होते, तिचा फळांचा स्वाद नाहीसा होतो, आणि रेड असेल तर मागे कडवटपणा उरतो. पाण्याने तोंड धुऊन, लिंबाची फोड मिठाला लावून चोखावी आणि पुन्हा तीच वाइन प्यावी. आता तिची आंबट धार गेलेली असते, ती मऊ झालेली असते, बऱ्याच जणांना तर थोडी गोडसुद्धा लागते. शेवटी ठेचा चाखून घोट घेतला की जीभ पेटते, आणि वाइनमधले अल्कोहोल, जे एरवी जाणवतही नाही, ते घशात उतरताना स्पष्ट कळते. ठेचा शेवटीच घ्यावा, कारण त्यानंतर काही काळ जीभ दुसरे काही नीट सांगू शकत नाही.

या ताटलीतून निघणारा निष्कर्ष असा की, पदार्थातली साखर आणि मिरची वाइनला कठोर करतात, आणि पदार्थातले आम्ल आणि मीठ वाइनला मवाळ करतात. जगभरचे वाइन शिकवणारे हेच सांगतात आणि जोड्यांच्या लांबलचक याद्यांपेक्षा हे एक तत्त्व जास्त कामाला येते. फ्रान्स-इटलीच्या याद्या आपल्याला उपयोगी पडत नाहीत याचे कारणही इथेच आहे: तिथले मुख्य जेवण मीठ, आम्ल आणि चरबी यांच्यावर उभे असते, गोड शेवटी येते आणि मिरची जवळजवळ नसतेच.

वाइन आंबट किंवा पाणचट लागते

मराठी घरात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे, आणि तिचे कारण सर्वांत कमी ओळखले जाते. आपल्या रोजच्या स्वयंपाकात गोडवा लपलेला असतो. चिंच-गुळाच्या आमटीत गूळ असतो, भरल्या वांग्याच्या मसाल्यात शेंगदाणे, खोबरे आणि पुन्हा गूळ असतो, अळूच्या फदफद्यात गूळ असतो, काकडीच्या कोशिंबिरीत चिमूटभर साखर असते, आणि रश्श्यासाठी लालसर होईपर्यंत परतलेला कांदा स्वतःच गोड झालेला असतो. आपण या पदार्थांना गोड म्हणत नाही, कारण आंबट, तिखट आणि गोड यांचा तोल साधलेला असतो. पण त्यासोबत ड्राय वाइन घेतली की गुळाच्या खड्याने जे केले तेच ही आमटी करते. वाइनमधली साखर शून्याजवळ, आमटीतली त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे जिभेला वाइनमध्ये फक्त आम्ल सापडते.

इथे उपाय एकच आहे आणि तो अचूक आहे: वाइन पदार्थाइतकी तरी गोड असली पाहिजे, थोडी जास्त असली तर उत्तम. याचा अर्थ गोडाची वाइन घ्यायची असा नाही. लिटरमागे 8 ते 20 ग्रॅम साखर असलेली, म्हणजे ऑफ-ड्राय किंवा सेमी-ड्राय वाइन या पदार्थांना पुरते, आणि या बाबतीत महाराष्ट्राचे नशीब खरोखर चांगले आहे. नाशिकच्या आसपास, दिंडोरीपासून गंगापूर धरणाच्या परिसरापर्यंत, पांढऱ्या वाइनसाठी सर्वाधिक रुळलेले द्राक्ष शेनिन ब्लाँ हे आहे, आणि नाशिकचे बरेच उत्पादक त्यात थोडी साखर मुद्दाम राखतात. सुला व्हिनयार्ड्सने 2000 साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या तेव्हा त्यांत सोव्हिन्यों ब्लाँच्या जोडीला शेनिन ब्लाँ होतीच. या द्राक्षाचे मूळ घर फ्रान्समधले ल्वार नदीचे खोरे. तिथल्या वूव्रे गावाच्या परिसरात याच एका द्राक्षापासून पूर्ण ड्राय, अर्धगोड, गोड आणि फसफसणारी अशा सगळ्या प्रकारच्या वाइन शतकानुशतके बनत आल्या आहेत, कारण शेनिनमध्ये आम्लता भरपूर असते आणि ती साखर पेलून धरते. म्हणून अर्धगोड शेनिन चिकट लागत नाही. आमटी-भात, भरली वांगी, मसालेभात किंवा गोड्या मसाल्यातली कोणतीही उसळ असेल, तर नाशिकची सेमी-ड्राय शेनिन ब्लाँ हे माझे पहिले उत्तर असते, आणि पाहुण्यांमध्ये वाइनची सवय नसलेले कोणी असेल तर शेवटचेही.

पुरणपोळीचा प्रश्न वेगळा आहे. पुरणात हरभऱ्याच्या डाळीच्या जवळजवळ बरोबरीने गूळ पडतो, त्यावर तूप येते, आणि या गोडव्यापुढे सेमी-ड्राय शेनिनही आंबट होते. तिथे खरी गोड वाइनच हवी, म्हणजे लेट हार्व्हेस्ट. द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवून, ती सुरकुतू लागल्यावर खुडली की रसातली साखर घट्ट होते, आणि तिच्यातला मोठा भाग वाइनमध्ये राहतो. नाशिकमध्ये शेनिन ब्लाँपासूनच अशी वाइन बनते. परदेशात राहणाऱ्या वाचकांना फ्रान्सची सोतेर्न किंवा हंगेरीची तोकाय असू मिळू शकेल. तोकाय असूमध्ये 2013 पासूनच्या नियमांनुसार लिटरमागे किमान 120 ग्रॅम साखर असते. ही वाइन थंड, अगदी लहान ग्लासात, पुरणपोळीच्या जोडीने घ्यावी. श्रीखंडाला मात्र मी कोणतीही वाइन सुचवणार नाही: चक्क्याचा आंबटपणा, साखर आणि वेलची-केशराचा दरवळ मिळून तो पदार्थ स्वतःच पूर्ण आहे.

वाइन जळजळीत लागते

कोल्हापुरी तांबडा रस्सा, झणझणीत मिसळ, वऱ्हाडी किंवा सावजी पद्धतीचे मटण यांसोबत वाइन घेतल्यावर तोंडाची आग वाढते, हा भास नाही. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवते, तो ग्राही मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतो, म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते. अल्कोहोल याच ग्राहीला अधिक संवेदनशील करते. म्हणजे तिखट आणि अल्कोहोल दोघे मिळून एकाच जागी घाव घालतात. त्यात 14 टक्क्यांची रेड वाइन असेल, तर टॅनिनच्या तुरटपणामुळे आधीच भाजलेली जीभ आणखी खरखरीत होते. ‘मटणाला रेड’ हा पाश्चात्त्य नियम इथे आंधळेपणाने लावल्यामुळे जितक्या चांगल्या बाटल्या वाया गेल्या असतील, तितक्या दुसऱ्या कोणत्याही कारणाने गेल्या नसतील असे माझे मत आहे. तो नियम भाजलेल्या, मीठ-मिरी लावलेल्या मटणासाठी आहे, जिथे चरबी आणि प्रथिने टॅनिनला मऊ करतात आणि मिरची आड येत नाही.

उपाय करताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात: अल्कोहोल कमी, शक्यतो 12 टक्क्यांच्या आत, टॅनिन नसल्यासारखे, आणि थोडी साखर, कारण साखर तिखटाची धार बोथट करते. यात ऑफ-ड्राय शेनिन बसते, गोडसर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, बसते, आणि युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट रीझलिंग (रीझलिंग द्राक्षाची हलकी पांढरी वाइन) तर फारच छान बसते, कारण तिच्यात बहुधा 8 ते 10 टक्केच अल्कोहोल आणि भरपूर आम्लाने सावरलेली साखर असते. वाइन नेहमीपेक्षा जास्त थंड द्यावी. आणि रेडच हवी असा घरात कोणाचा आग्रह असेल, तर पदार्थ बदलावा: तांबड्या रश्श्याऐवजी सुके मटण, मिरची बेताची आणि सुके खोबरे भाजून घातलेले, त्यासोबत फार तुरट नसलेली शिराझ किंवा तेम्प्रानियो बऱ्यापैकी जमते. पांढऱ्या रश्श्याची गोष्ट याहून सोपी आहे, कारण त्यात नारळाचे दूध, खसखस आणि मिरी असते आणि लाल मिरची नसते. नारळाचा मंद गोडवा सांभाळण्यापुरती साखर असलेली पांढरी वाइन त्याला पुरते.

इतके करूनही तर्रीची मिसळ ही वाइनच्या आवाक्याबाहेरची आहे असे मी मानतो. तिथे ताक प्यावे, दुधातली प्रथिने कॅप्सेसिनला खरोखर उचलून नेतात. वाइन दुसऱ्या जेवणासाठी ठेवावी.

मासळीसोबत वाइन कडू किंवा लोखंडी लागते

सुरमई, बांगडा किंवा कोळंबीसोबत रेड वाइन घेतल्यावर तोंडात गंजल्यासारखी, जुनाट माशांच्या वासाची चव रेंगाळते. फार काळ याचा दोष टॅनिनवर टाकला जात होता. जपानमधल्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की यामागे मुख्यतः वाइनमधले लोह असते: वाइनमध्ये विरघळलेले लोह मासळीतल्या चरबीवर काम करते आणि तो वास तयार होतो. लोहाचे प्रमाण वाइनगणिक बदलते, म्हणून एखादी रेड मासळीला चालून जाते आणि दुसरी चालत नाही. पण बाटलीवर लोहाचा आकडा छापलेला नसतो, त्यामुळे व्यवहारात सुरक्षित मार्ग पांढऱ्या वाइनचा. रवा लावून तळलेले बोंबील किंवा सुरमई यांना पूर्ण ड्राय, आम्लता चांगली असलेली वाइन हवी, आणि इथे साखर नसलेलीच बरी: नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ, किंवा ब्रूट, म्हणजे कमी साखरेच्या प्रकारची फसफसणारी. तळणीचे तेल आम्ल आणि बुडबुडे धुऊन काढतात, मासळीवर पिळलेले लिंबू आणि मीठ वाइनला मऊ करते, आणि कोणी कोणावर मात करत नाही. कोथिंबीर वडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा यांनाही हेच लागू होते, फक्त खजुराची गोड चटणी बाजूला ठेवावी, नाहीतर आपण पुन्हा आमटीच्या प्रश्नापाशी येतो.

मासळीच्या कालवणाचे मात्र असे एक उत्तर नाही. गोव्याचे कोळंबीचे हुमण नारळाच्या दुधामुळे गोडसर असते, त्याला ऑफ-ड्राय वाइन लागते. कोकम घातलेले आंबट, पातळ कालवण असेल तर ड्राय वाइनच चांगली, कारण पदार्थातला आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला झाकतो. याच कारणाने आंबट पदार्थासोबत मुळातच मंद आम्लतेची वाइन घेतली तर ती अगदी बेचव आणि गुळमट होते. नाशिकची द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात, ऊन चढत असताना पिकतात. उष्णतेने साखर भराभर वाढते आणि आम्ल घटते, त्यामुळे उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या काही वाइन अशा मंद असतात. चाखून पाहणे हाच त्यावरचा मार्ग.

जोडी बरोबर असूनही चव बिघडते

कधी कधी दोष तापमानाचा असतो. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हे वाक्य थंड देशांतल्या दगडी घरांसाठी होते, म्हणजे 16 ते 18 अंश. मुंबईच्या किंवा नागपूरच्या 30 अंशांच्या खोलीत ठेवलेली रेड गरम, ढिली आणि अल्कोहोलने झोंबणारी लागते. तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. उलट, फ्रिजमधून काढलेली पांढरी वाइन लगेच ओतली तर थंडीने तिचा वास आणि गोडवा दोन्ही दबतात आणि फक्त आम्ल पुढे येते. दहा-पंधरा मिनिटे बाहेर राहिल्यावर ती खुलते. आंबट लागण्याच्या तक्रारींपैकी काही एवढ्यानेच मिटतात.

आणि बाटली खरेच खराब असेल तर ती जेवणाआधी, नुसती चाखतानाच कळते. व्हिनेगरचा झणका, ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, किंवा पांढऱ्या वाइनचा तपकिरी पडलेला रंग यांपैकी काही दिसले तर पदार्थ बदलून उपयोग नाही. वाइन नुसती चांगली लागत असेल आणि फक्त जेवणासोबत बिघडत असेल, तर बाटली निर्दोष आहे.

विकत घेतानाच गोडवा कसा ओळखावा

पुढचे लेबल आकर्षक असते, माहिती मागच्या लेबलावर असते. ड्राय, ऑफ-ड्राय, सेमी-स्वीट असे काही छापलेले आहे का ते आधी पाहावे. फ्रेंच बाटलीवर ड्रायला सेक, अर्धगोडाला दमी-सेक, गोडाला म्वालो किंवा दू म्हणतात. इटालियन बाटलीवर सेक्को, आमाबिले आणि दोल्चे असा चढता क्रम असतो. जर्मन बाटलीवर ट्रोकन म्हणजे ड्राय आणि हाल्बट्रोकन म्हणजे अर्धड्राय. काही रीझलिंगच्या बाटल्यांवर इंटरनॅशनल रीझलिंग फाउंडेशनची ड्रायपासून गोडापर्यंतची पट्टी छापलेली असते, आणि ती फार प्रामाणिक आहे, कारण ती साखर आणि आम्ल यांचे गुणोत्तर पाहून ठरवतात.

काहीच छापलेले नसेल तर अल्कोहोलचा आकडा बोलतो. साधी, न फसफसणारी वाइन 8 ते 10 टक्क्यांची असेल तर तिच्यात साखर शिल्लक असण्याची शक्यता मोठी, कारण जी साखर अल्कोहोल झाली नाही ती कुठेतरी राहिलेलीच असणार. 13.5 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती बहुधा ड्राय, अपवाद पोर्टसारख्या मद्य मिसळलेल्या वाइनचा.

फसफसणाऱ्या वाइनचे लेबल सर्वांत फसवे असते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून माणूस सर्वांत कोरडी बाटली समजून घेतो, आणि ती ब्रूटपेक्षा गोड निघते. ब्रूटमध्ये लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, नुसत्या ड्राय किंवा सेकमध्ये 17 ते 32, आणि दमी-सेकमध्ये 32 ते 50. पूर्ण कोरडी हवी असेल तर ब्रूट नेचर किंवा एक्स्ट्रा ब्रूट हे शब्द शोधावे लागतात. ही उलटी वाटणारी नावे एकोणिसाव्या शतकातली आहेत. त्या काळी शँपेन आजच्या मानाने भयंकर गोड असे, रशियाच्या बाजारात जाणारी तर गोडाच्या पाकासारखी, आणि त्या तुलनेत 15 ग्रॅमची वाइन ‘अत्यंत ड्राय’ वाटणे स्वाभाविक होते. शँपेन बनवणाऱ्या मादाम पोमरी यांनी 1874 साली इंग्लंडसाठी खरी कोरडी शँपेन काढली तेव्हा ब्रूटची वाट रुळली, पण जुनी नावे तशीच राहिली. आपल्या जेवणापुरते सांगायचे तर हा गोंधळ फायद्याचाही आहे: तळणीला ब्रूट घ्यावी, आणि आमटी-उसळीचे पान असेल तर एक्स्ट्रा ड्राय अधिक शोभते.

बाटली आधीच उघडली आहे आणि पानातल्या पदार्थाशी तिचे जमत नाही, अशा वेळी वाइनमध्ये काही मिसळू नये, पदार्थ हलवावा. भाजीवर लिंबू पिळून किंचित मीठ वाढवले की बऱ्याच ड्राय वाइन लगेच सावरतात. तिखट असेल तर घासासोबत थोडे तूप, नारळाची वाटलेली चटणी किंवा दही घ्यावे आणि वाइनचा घोट घास गिळून झाल्यावर, थोड्या वेळाने घ्यावा. तेवढ्यानेही जमले नाही तर बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आणि रेड दोन्ही तिथे तीन दिवस सहज टिकतात, आणि तोवर तळलेल्या मासळीचा किंवा कोथिंबीर वडीचा बेत ठरवता येतो.